ओट्यावर चिमुकले हात

मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा विजय नगरातल्या फ्लॅटमध्ये गॅससमोर उभं राहणं नकोसं होतं. मुलांना हाताशी घ्यायचं ते याच दिवसांत.

दडपे पोहे, इंदुरी वळणाचे. २ वाट्या पातळ पोहे, बारीक चिरलेली काकडी, कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. मुलांनी हातानं कालवायचं आणि झाकण ठेवून १५ मिनिटं दडपायचं. मिठानं काकडी-कांद्याला पाणी सुटतं, त्यातच पोहे मऊ होतात. वेगळं पाणी घालायचं नाही. मुलं दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघणारच, बघू द्या. फोडणी मोठ्यांनी ओतायची. वरून शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन मसाला. जिरावन नसेल तर इंदूरकर पोह्यांना पोहे म्हणणार नाहीत.

आंब्याची डाळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाची ही डाळ फक्त चैत्रापुरती का ठेवायची? हरभऱ्याची डाळ ४-५ तास भिजवून भरड वाटा. कैरी किसायचं काम दहा वर्षांच्या पुढच्यांकडे, किसणी बोटं सोलते. मिरची मात्र मुलांच्या हाती नको.

पन्हं. उकडलेल्या कैरीचा गर लहानग्यांनी कुस्करावा. गराच्या दुप्पट गूळ, वेलची, मीठ. माळव्यात पुदिना आणि भाजलेलं जिरंही घालतात. उन्हातून आल्यावर तेच जास्त बरं लागतं.

सालं, कोयी ओल्या कचऱ्याच्या डब्यात. इंदूरच्या मुलांना हे शिकवावं लागत नाही, तीच आजीला टोकतात.