व्यसनी रुग्ण आणि उद्याचे डॉक्टर

मुलुंडमधील एखाद्या रुग्णालयाच्या अस्थिरोग कक्षाची कल्पना करा. पाय मोडलेला पन्नाशीचा एक कामगार सोमवारी दाखल होतो. मंगळवारी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो. बुधवारी रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात आणि तो सलाइनची नळी उपटून टाकतो. 'हिंसक रुग्ण' अशी नोंद होऊन त्याचे हात पलंगाला बांधले जातात.

वास्तविक, रोजची दारू अचानक बंद झाल्याने उद्भवणारी ही अवस्था वैद्यकशास्त्राला चांगलीच परिचित आहे. ती साधारणपणे दोन ते चार दिवसांत प्रकटते, उपचारांअभावी जिवावर बेतू शकते आणि वेळीच औषधे दिल्यास बहुधा टाळता येते. अशा रुग्णांत 'ब-१' जीवनसत्त्वाची उणीव असते; ते न देता केवळ ग्लुकोज चढवल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका संभवतो. दाखल करून घेताना 'दारू किती घेता, शेवटची कधी घेतलीत?' एवढे विचारणे पुरेसे होते. परंतु हा प्रश्न न दुखावता विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावायची कोणी?

व्यसनी माणूस मानसोपचार विभागाची पाटी शोधत येत नाही. तो येतो अपघात विभागात, कावीळ किंवा फिट आल्याने, आणि उपनगरात तर बहुधा नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

त्याच वर्षी लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात व्यसनाधीनतेचा विषय आहे, रुग्णाशी संवादाचेही धडे आहेत. मात्र मानसोपचारशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. आणि परीक्षेत ज्याला वजन नाही त्याचे अभ्यासात काय होते, हे सांगायला नको.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. वॉर्डात विद्यार्थ्याला दिसतो तो पुन्हा पुन्हा परतणारा रुग्ण. जो सावरला तो तिथे येतच नाही. साहजिकच 'हे लोक सुधारत नाहीत' ही समजूत पदवीबरोबरच घट्ट होते. खरे तर मधुमेह वा दम्याप्रमाणे व्यसनातही आजार उलटणे अपेक्षितच असते. पण साखर वाढलेल्या रुग्णाला आपण 'मधुमेहडा' म्हणत नाही!

डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे समुपदेशक म्हणून काम करतात. रुग्णांच्या पत्नींसाठीही वेगळा गट चालतो. इंटर्नशिपमधील दोन-चार दिवस विद्यार्थ्यांनी अशा केंद्रात, किंवा 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या सभेत घालवावेत. पांढरा कोट घरी ठेवून, मागच्या रांगेत बसून, नुसते ऐकावे.