पंखा ओरडतो तेव्हा आधी खोलीकडे पाहा

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा बेचाळीसवर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोठी माणसे जेवून आडवी झालेली. आतल्या खोलीत झळ येऊ नये म्हणून खिडकी लावलेली, पडदा ओढलेला, आणि पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गेम खेळतो आहे. गेम सुरू होऊन दहा मिनिटे होतात न होतात तोच स्क्रीनच्या मागून घरघर सुरू होते. बघता बघता तिची शिट्टी होते. मुलगा हेडफोनचा आवाज दोन घरे वाढवतो. स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "ते मशीन बंद कर की रे, पेट घेईल एखाद्या दिवशी!"

सुट्टीच्या दिवसांत सोलापुरातल्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच चालू असते. आईला काळजी मशीनची, मुलाला गेम अडकण्याची. खरी काळजी करायला हवी ती त्या खोलीतल्या हवेची आणि हेडफोनच्या आतल्या कानाची. मशीन बरेचसे स्वतःला सांभाळून घेते.

ते कसे, हे समजण्यासाठी स्क्रीनच्या मागे डोकवावे लागेल. 'ऑल-इन-वन' प्रकारच्या कॉम्प्युटरला वेगळा डबा नसतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क असे सगळे स्क्रीनच्या पाठीशी काही सेंटिमीटर जाडीच्या जागेत बसवलेले असते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हापासून असे संगणक बऱ्याच घरांत आले, कारण जागा कमी लागते, वायरींचे जंजाळ नसते आणि दिसायलाही नीटस. अभ्यास, हिशेब, सिनेमा यासाठी ते उत्तमच. पण गेम म्हणजे त्याच्यासाठी भर उन्हात सायकलवर चढ चढण्यासारखे काम. सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक चित्रे नव्याने रंगवायची, तीही तासन्‌तास. एरवी तीस-चाळीस वॅटवर भागणारे हे यंत्र तेव्हा शंभर-दीडशे वॅट वीज खाऊ शकते, आणि खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते.

ती बाहेर टाकायला आत एक-दोन छोटे, पसरट पंखे असतात. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा ढकलतो. छोट्या पंख्याला तेवढ्याच हवेसाठी कितीतरी वेगाने फिरावे लागते, आणि पंख्याचा आवाज वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. जागा वाचवल्याची किंमत कान मोजतो, ती अशी.

पंखाच नको, असाही प्रयोग होऊन गेला आहे. १९८०मध्ये ॲपल कंपनीने 'ॲपल थ्री' हा संगणक पंख्याशिवाय बाजारात आणला. तापून त्यातल्या चिप्स बैठकीतून सैल होऊ लागल्या. मशीन टेबलापासून दोन-तीन इंच उचलून खाली आपटा म्हणजे चिप्स पुन्हा बसतील, असा सल्ला तेव्हा गिऱ्हाइकांना दिला गेल्याची गोष्ट संगणकाच्या इतिहासात अजून चवीने सांगितली जाते.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेब. संगणकाचा पंखा बर्फ तयार करत नाही. तो खोलीतलीच हवा आत घेतो आणि तापलेल्या भागांवरून फिरवून बाहेर सोडतो. पुष्कळशा प्रोसेसरची सहनशक्ती शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास संपते. खोली २५ अंशांवर असेल तर यंत्राला ७५ अंशांचा उतार मिळतो आणि उष्णता त्या उतारावरून सहज वाहून जाते. खोली ४० अंशांवर गेली की उतार साठावर येतो. तेवढीच उष्णता बाहेर काढायला पंख्याला अधिक जोर लावावा लागतो, म्हणून जानेवारीत गप्प असणारा संगणक मे महिन्यात किंचाळतो. तरीही भागले नाही तर प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. गेम अडखळतो, मुलगा चिडतो. तरीही तापत राहिला तर यंत्र स्वतःहून बंद पडते. ही बिघाडाची खूण नाही, आत बसवलेली शिस्त आहे. जळका वास आला, प्लग किंवा वायर हाताला चटका देऊ लागली तर मात्र बटण बंद करून वायरमनलाच बोलवावे.

हाच हिशेब आता खुर्चीत बसलेल्या मुलासाठी मांडून पाहू. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश. खोली २५ अंशांवर असेल तर शरीराला दहा अंशांचा उतार मिळतो. खोली ४० वर गेली की उतार संपतो, उलट चढ लागतो, म्हणजे हवाच शरीराला तापवू लागते. यंत्राकडे मे महिन्यातही साठ अंशांची ऐपत शिल्लक असते, मुलाकडे एकाही अंशाची नसते. त्याच्याकडे उरतो फक्त घाम. नुसते बसून असलेले शरीरही सुमारे शंभर वॅट उष्णता तयार करते, आणि ती केवळ घामावाटे टाकायची तर तासाला निदान दीडशे मिलिलिटर पाणी उडून जावे लागते. गरम हवेकडून आलेली उष्णता टाकायला लागणारा घाम वेगळाच.

यंत्राचे दीडशे आणि मुलाचे शंभर मिळून अडीचशे वॅट होतात. जुने साठ वॅटचे चार पिवळे बल्ब बंद खोलीत सतत जळत ठेवावेत, तशी ही गत. बरीचशी उष्णता भिंती पितात, म्हणून खोलीची भट्टी होत नाही. पण वरचा मजला असेल तर भिंती आणि स्लॅब दिवसभराच्या उन्हाने आधीच भरलेले असतात, आणि पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. रात्री अकरा वाजता गार वाटेल म्हणून मुले खेळायला बसतात, तेव्हा स्लॅब दुपारचे ऊन हळूहळू खाली सोडत असतो.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा. इथे घाम आला तरी अंग ओले दिसत नाही, तो लागलीच उडतो. म्हणून 'मला कुठे घाम येतोय' असे मुले खरेपणानेच सांगतात. खेळात गुंतलेल्याला तहानही उशिरा कळते. मग संध्याकाळी डोके दुखते, चिडचिड होते, पायात गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लघवी गडद पिवळी होते. त्याच दोन महिन्यांत मुतखड्याचे रुग्णही वाढतात. त्याचे कारणही बऱ्याच अंशी हेच, शरीरात पाणी कमी पडणे. काही मुलांचा घोळणा फुटतो आणि दोष 'कॉम्प्युटरच्या उष्णतेवर' येतो. खरे कारण बहुधा कोरड्या हवेने नाकातले नाजूक अस्तर सुकून तडकणे हे असते. अशा वेळी डोके मागे टाकू नये. पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे सलग दाबावा.

आता कानाकडे वळू. सोलापूरला आवाजाचे दुखणे नवे नाही. हे शहर चादरी-टॉवेलचे. पूर्व भागात आजही यंत्रमागाचा खडखडाट घरांना लागून चालतो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो आणि कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात. कारखान्यांसाठीच्या आपल्याकडच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. विणकरांचे कान काय सोसतात यावर १९६५मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या ताग विणणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शंभर डेसिबलच्या आसपासच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या या स्त्रियांची श्रवणशक्ती पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच लक्षणीय घटलेली आढळली. सोलापूरच्या जुन्या विणकरांच्या घरात टीव्ही मोठ्याने का लागतो, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको.

संगणकाचा पंखा या मागांपुढे काहीच नाही. हातभर अंतरावर तो कितीही किंचाळला तरी साधारण चाळीस ते पन्नास डेसिबल. त्याने कान बिघडत नाही, डोके उठते एवढेच. पण दुपारच्या खोलीत तो एकटा नसतो. वर छताचा पंखा गरगरतो, खिडकीत कूलर घोंगावतो, शेजारी माग चालू असतो. या सगळ्यावर ताण करून शत्रूच्या पावलांची चाहूल ऐकायची तर हेडफोन वाढवावाच लागतो. एकदा वाढवलेला आवाज नंतर सवयीचा होतो, आणि कूलर बंद झाला तरी कोणी तो खाली आणत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी ऐकण्याची मर्यादा ठरवताना आठवड्याचा हिशेब मांडला आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. मुलांसाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला दहा, ८४ ला पाच, ८७ ला फक्त अडीच तास. रोज तीन तास खेळणाऱ्या मुलाचे आठवड्याचे २१ तास होतात. म्हणजे त्याने ७८च्याही किंचित खाली राहायला हवे, आणि हेडफोनवर गोळीबाराचा गेम खेळताना हा आकडा ओलांडणे मुळीच अवघड नाही.

जानेवारी २०२४मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात पन्नास हजारांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या १४ अभ्यासांचा आढावा आला. गेम खेळताना कानावर पडणारा आवाज पुष्कळदा सुरक्षित मर्यादेजवळ किंवा तिच्या पुढे असतो, असे त्यात आढळले. या विषयावरचे संशोधन अजून थोडे आहे, हेही संशोधकांनी मोकळेपणाने नोंदवले. पण कानाच्या बाबतीत भरपूर पुराव्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही. प्रत्येक कानात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. शिवाय बारीक, उंच स्वर आधी जातात, तेही चोरपावलांनी. 'स', 'श', 'फ' अशी अक्षरे पुसट होतात. माणूस म्हणतो, ऐकू येतंय, पण कळत नाही.

म्हणून उपाय आवाज वाढवण्यात नाही, उष्णता मुळाशी कमी करण्यात आहे. सगळ्यात स्वस्त उपाय गेमच्या सेटिंगमध्येच असतो. सेकंदाला किती चित्रे रंगवायची याला साठाची मर्यादा घालावी, चालत असेल तर तीसची, आणि चित्राची गुणवत्ता एक पायरी खाली आणावी. खेळात फारसा फरक कळत नाही, पण पंखा काही मिनिटांत खाली येतो. मुलांनाही हा उपाय पटतो, कारण तो बंदी घालत नाही आणि गेम अडखळणेही कमी होते.

संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. धूळ बसू नये म्हणून त्यावर टॉवेल किंवा विणलेले कव्हर टाकण्याची आपल्याकडे हौस असते. संगणक चालू असताना ते काढलेच पाहिजे. मागाच्या परिसरातल्या घरांत सुताचे बारीक तंतू जाळ्यांवर नमद्यासारखे थर धरतात. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून ते मऊ ब्रशने झाडावेत. आतली सफाई दुकानदाराकडून करून घेतलेली बरी.

कूलर लावला तर खिडकी थोडी उघडी हवीच. नाहीतर खोली दमट होते आणि घाम उडायचा थांबतो. त्याची धार संगणकावर नव्हे, माणसावर असावी, म्हणजे पाण्याचे तुषार यंत्रात जाणार नाहीत. चाळीसच्या वर नुसता छताचा पंखा गरम हवाच अंगावर मारतो. पण मानेवर ओला टॉवेल असेल तर तोच पंखा कामी येतो. टॉवेलची आपल्या शहरात कमी नाही. पाण्याची बाटली टेबलावर दिसेल अशी ठेवावी, आणि बारा ते चार ही वेळ खेळासाठी टाळून सकाळची निवडावी.

हेडफोनची परीक्षाही घरी होते. मुलाने तो घातलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात नाव घ्यावे. त्याला ऐकू आले नाही किंवा हेडफोनमधला आवाज तुम्हाला ऐकू आला, तर तो जास्त आहे.

खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे किंवा कान भरल्यासारखा वाटणे ही पहिली घंटा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले तर श्रवणचाचणी करून घ्यावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती होते, दुखत नाही आणि फार वेळही लागत नाही. उष्णतेच्या बाबतीत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका देण्याइतके तापले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहावे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.