शहराचा कारभार : भाग ११ – बाजारपेठेने स्वतःवर लावलेली पट्टी

मागच्या भागात आपण घरपट्टी आणि तिची थकबाकी पाहिली. भिवंडी-निजामपूर महापालिकेत ही थकबाकी शेकडो कोटींची आहे. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला, आणि आता राज्याच्या अनुदानावाचून पालिकेचा खर्च भागत नाही. अशा शहरातल्या व्यापाऱ्यांना ‘घरपट्टीवर आणखी एक पट्टी स्वतःहून लावून घ्या’ असं सांगितलं, तर काय उत्तर मिळेल हे वेगळं सांगायला नको. तरीही जगभरातल्या शेकडो बाजारपेठांनी नेमकं हेच केलं आहे. या व्यवस्थेला बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपण तिला व्यापारपेठ सुधार क्षेत्र म्हणू.

सुरुवात कॅनडातल्या टोरांटो शहरात झाली. तिथे ब्लूअर वेस्ट व्हिलेज नावाची रस्त्याकाठची बाजारपेठ आहे. १९६४ साली शहरात यॉर्कडेल हा मोठा मॉल उघडला. १९६८ मध्ये भुयारी रेल्वे या भागापर्यंत आली आणि रस्त्यावरची ट्राम बंद झाली. ट्रामच्या खिडकीतून रोज दुकानं पाहत जाणारा माणूस आता जमिनीखालून जाऊ लागला. गिऱ्हाईक आटलं. तेव्हा दुकानदारांनी एकत्र येऊन सरकारकडे कायदा मागितला, आणि १९७० मध्ये तिथे जगातलं पहिलं असं क्षेत्र स्थापन झालं.

भिवंडीच्या व्यापाऱ्यांनी या घटनेकडे नीट पाहावं, असं मला मनापासून वाटतं. मेट्रो ५ चा पहिला टप्पा ठाण्याच्या कापूरबावडीपासून भिवंडीतल्या धामणकर नाक्यापर्यंत आहे. कापूरबावडीपासून ठाण्याचे मॉल जवळच आहेत. मेट्रोने गिऱ्हाईक येतं तसंच जातंही. मंडई, तीनबत्ती आणि जुन्या बाजारपेठेत येणाऱ्या बाईला चालायला जागा नसेल, पोराला घेऊन बसायला बाकडं नसेल, स्वच्छ स्वच्छतागृह नसेल, तर लग्नाच्या खरेदीसाठी ती ठाण्याला का जाणार नाही?

आता या व्यवस्थेची मेख कुठे आहे ते पाहू. आपल्याकडेही बाजारात सामाईक काम निघालं की पावतीपुस्तक फिरतं. रात्रीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा कॅमेरा, पावसाळ्याआधी गटाराचा गाळ, सगळं वर्गणीवर चालतं. काहीजण लगेच देतात, काहीजण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, आणि काहीजण कधीच देत नाहीत. कॅमेरा मात्र सगळ्यांच्या शटरवर नजर ठेवतो. देणाऱ्याला दोन वर्षांत कंटाळा येतो आणि काम बंद पडतं. माझ्या मते बाजारपेठांचं बहुतेक नुकसान इथेच होतं. पैसा असतो, पण तो एकत्र टिकत नाही.

सुधार क्षेत्रात आधी हद्द आखतात, कामं आणि खर्च लिहून काढतात आणि मग हद्दीतल्या व्यापाऱ्यांचा किंवा जागामालकांचा कौल घेतात. बहुमत झालं की पट्टी सगळ्यांना सक्तीची, विरोधात मत देणाऱ्यालाही. ब्रिटनमध्ये २००३ च्या कायद्याने ही सोय झाली आणि २००५ मध्ये किंग्स्टनला पहिलं क्षेत्र सुरू झालं. तिथे दुहेरी बहुमत लागतं : मतं देणाऱ्यांच्या संख्येतही आणि त्यांच्या जागांच्या करपात्र मूल्यातही. त्यामुळे चार बडे व्यापारी बाकीच्यांवर पट्टी लादू शकत नाहीत, आणि लहानांची गर्दी सगळा भार बड्यांवर ढकलू शकत नाही. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. पुढे चालवायचं तर पुन्हा मतदान. वसुली नगरपालिका करते, खर्च मात्र त्या क्षेत्राचं मंडळ ठरवतं.

कल्पना परकी वाटेल, पण तिचे तुकडे आपल्याकडे आहेत. बाजार समिती आपल्या आवारातल्या व्यवहारावर सेस घेते आणि समितीवर शेतकऱ्यांबरोबर व्यापारी आणि हमाल-मापाडीही निवडून येतात. मुंबईत जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती उपकर आला. १९९८ मध्ये स्थापन झालेली काळा घोडा असोसिएशन महोत्सवाच्या पैशातून त्या परिसराची डागडुजी करते. पण तिथला पैसा प्रायोजकांचा आहे, आणि प्रायोजक तीनबत्तीच्या गटारासाठी येणार नाहीत. रहदारीच्या बाजारपेठेवर व्यापाऱ्यांनीच मतदानाने पट्टी लावावी, असा कायदा महाराष्ट्रात नाही.

असा कायदा झाला तर भिवंडीत पहिला पैसा कशावर जावा? न्यूयॉर्कच्या क्षेत्रांनी फुलांच्या कुंड्या लावल्या. आपली कामं वेगळी आहेत. पावसाळ्यात तीनबत्तीच्या भाजी मार्केटात पाणी शिरतं, तिथे मे महिन्यातच गाळ निघाला पाहिजे, आणि तो काठावर न टाकता उचलला गेला पाहिजे. कापडाचे तागे आणि किराणा उतरवणाऱ्या टेम्पोंना ठरावीक वेळ हवी, आणि ती पाळून घेणारा माणूस हवा. हमालांना सावली आणि पिण्याचं पाणी हवं. बायकांसाठी स्वच्छतागृह आणि ते दिवसभर झाडणारी पगारी बाई हवी. ही कामं छोटी आहेत. महापालिकेच्या निविदेत ती हरवतात, आणि एका दुकानदाराच्या आवाक्यात बसत नाहीत.

धोकाही तितकाच खरा आहे. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या परिसरातल्या सुधार क्षेत्राच्या मंडळावर जागामालकांचं वर्चस्व होतं. तिथल्या रहिवाशांनी समान मताधिकारासाठी दावा लावला आणि १९९८ मध्ये ते हरले. आपल्या जुन्या बाजारांत पागडीची दुकानं आहेत. मालक एक आणि गाळ्यात तीन पिढ्या बसलेला भाडेकरू दुसरा. मत मालकाचं आणि पट्टी भाडेकरूच्या खिशातून, असं झालं तर ती लूट ठरेल. फेरीवाल्यांचं काय? २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समितीत त्यांचे ४० टक्के प्रतिनिधी असावे लागतात. सुधार मंडळाने त्यांना बाहेर ठेवलं, तर ‘सुधारणा’ म्हणजे हातगाड्या उचलणं, एवढाच अर्थ उरेल.

नागरिकांना जागा न देता सेवा बाहेर सोपवली की काय होतं, हे भिवंडीने विजेच्या बाबतीत पाहिलं आहे. २००७ मध्ये महावितरणने इथलं वितरण टोरेंट पॉवरकडे दिलं. गळती खूप कमी झाली, हे मान्य करायलाच हवं. पण करार महावितरण आणि कंपनीचा, ग्राहकाला त्यात खुर्ची नाही. म्हणून बिलांवरचा राग आजही मोर्चातूनच बाहेर पडतो.

याच शहराने उलटा धडाही दिला आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनंतर इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे साधे रहिवासी, दुकानदार आणि कामगार पोलिसांबरोबर नियमित बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांकडे निधी नव्हता, कायदाही नव्हता. मोहल्ल्यातला प्रत्येक थर मात्र तिथे बसलेला होता. बाजारपेठेच्या मंडळाची रचना करताना लंडन-न्यूयॉर्कच्या आधी मी या कमिट्यांच्या नोंदी काढीन.

आणखी एक अट मात्र ब्रिटनकडून जशीच्या तशी घ्यावी. तिथे मतदानाआधी नगरपालिका आज त्या रस्त्यावर कोणती सेवा देते हे लिहून देते : झाडू किती वेळा, दिवे किती, कचरागाडी कधी. नंतर मंडळ आलं म्हणून पालिकेने हात आखडता घेतला, तर तो कागद दाखवता येतो. भिवंडीत पट्टीच्या दराची चर्चा सुरू होण्याआधी व्यापाऱ्यांनी आयुक्तांकडे हा कागद मागावा, सहीशिक्क्यासह.