गाडी बंद पडली, तर आधी काय पाहावे?

वैशाखातली गोष्ट. आमच्या शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. गावात एक जुनी अँबॅसिडर मोटार आहे, पेट्रोलवर चालणारी. तिच्यात सुनेला घेऊन आम्ही तालुक्याच्या दवाखान्याकडे निघालो. भर दुपारी घाट चढताना मोटारीने आचके दिले आणि ती बंद पडली. १०८ ला फोन करावा, तर घाटात रेंज नाही. चालक पोरगा घाबरला. त्याने पाना घेतला आणि दिसेल तो नट सोडायला लागला.

इतक्यात मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. त्यांचे आयुष्य एस. टी.च्या डेपोत फिटरकी करण्यात गेले होते. ते म्हणाले, "थांब बाळा, काही खोलू नकोस. हिला काय कमी पडलं, ते आधी बघू."

हाच प्रश्न आपण शिकून घेऊ.

इंजिनाला काय लागते?

चूल पेटायला लाकूड, वारा आणि काडी लागते. पेट्रोल इंजिनाचेही तसेच आहे. त्याला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. जुन्या गाडीत कार्बोरेटर हा भाग पेट्रोल आणि हवा एकत्र करतो. हे मिश्रण सिलिंडरात जाते. तिथे दट्ट्या ते दाबतो. प्लग ठिणगी टाकतो. भडका उडतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाक फिरते. मग धूर बाहेर जातो. घेणे, दाबणे, पेटणे, सोडणे असे हे चार टप्पे. असे इंजिन १८७६ साली जर्मनीत निकोलाऊस ओट्टो याने चालवून दाखवले.

पहिली तपासणी : सेल्फ

किल्ली फिरवल्यावर इंजिन गरगर फिरते का? नुसते टकटक वाजत असेल, तर बॅटरी पाहावी. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. ती साफ करावी आणि वायरी घट्ट कराव्या.

दुसरी तपासणी : ठिणगी

आमचे इंजिन फिरत होते, पण धरत नव्हते. फिटरमामांनी आधी पेट्रोल कुठे गळत नाही ना, हे पाहिले. मग डिकीतला जादा प्लग घेतला आणि एका प्लगची वायर काढून त्याला जोडली. रबरी मुठीच्या पकडीने तो धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. पोराने सेल्फ मारला. निळी, जाड ठिणगी पडली.

"करंट चांगला आहे," मामा म्हणाले. "म्हणजे पॉइंट, कॉइल यांना हात लावायचा नाही."

ठिणगी पिवळी, मरतुकडी असती किंवा पडलीच नसती, तर हेच भाग पाहावे लागले असते. पॉइंट काळे पडले, तर पुष्कळदा साफ करून काम भागते.

तिसरी तपासणी : पेट्रोल

टाकीत पेट्रोल होते. मग ते वर का येईना? वरून ऊन, त्यात घाटाची चढण. इंजिन फार तापले होते. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून असतो. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली. विहिरीवरच्या पंपात हवा धरली की पाणी चढत नाही, तसेच हे झाले.

मामांनी पंचा भिजवून पंपावर आणि नळीवर गुंडाळला. पाव तास आम्ही थांबलो. तो पाव तास फार लांबला. मग पोराने सेल्फ मारला आणि इंजिन धरले! संध्याकाळी दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गाडी चालवू नये. मिस्त्रीला दाखवावी.

ही काळजी घ्या

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. पेट्रोलजवळ विडी-काडी आणू नये. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण माणूस दगावतो.

नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो. त्यांची तपासणी यंत्र लावून करावी लागते. पण रीत तीच. एका वेळी एकच गोष्ट पाहावी. जी ठीक निघाली, ती सोडून द्यावी. नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होते. त्या दिवशी पोराने सगळे इंजिन खोलले असते, तर आम्ही घाटातच राहिलो असतो.