बिल्ल्याची पाठ पाहावी

जुन्या सैनिकी बिल्ल्यांचा संग्रह करणें हा इंग्लंडांतील एक प्रतिष्ठित छंद असून आपल्याकडेही त्याचे रसिक आढळतात. परंतु ज्या वस्तूस मागणी, तिची नक्कल ठरलेलीच. विकणारा बिल्ल्याबरोबर एखादी हृदयस्पर्शी कथाही सांगतो आणि घेणारा बहुधा त्या कथेचेंच मोल देऊन बसतो. यास्तव कथा बाजूस ठेवून वस्तूचीच साक्ष कशी घ्यावी, याचा थोडा विचार करूं.

उदाहरणार्थ, ब्रिटिश सैन्यांतील ‘मशीन गन कोअर’ हें दल घ्या. तें १९१५ च्या ऑक्टोबरांत स्थापन झालें व १९२२ सालीं मोडलें. सुमारें १,७०,००० लोकांनीं त्यांत सेवा केली. पैकीं सुमारें ६२,००० मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगना व वर राजमुकुट, असा त्याचा पितळी बिल्ला. दलाचें आयुष्य अल्प आणि बलिदान मोठें, म्हणून या बिल्ल्यास मागणी फार व त्याच्या नकलाही फार.

प्रथम मुकुट पाहावा. त्या काळच्या बिल्ल्यांवरील मुकुटाच्या कमानी मध्यभागीं अखंड उंचावलेल्या असत. १९५२ सालीं राणी दुसरी एलिझाबेथ गादीवर आल्यानंतरच्या मुकुटाची कमान मधोमध दबलेली दिसते. तेव्हां या दलाच्या बिल्ल्यावर दबलेली कमान आढळल्यास पुढील परीक्षेचें कारणच उरत नाहीं. मात्र उंच कमान दिसली म्हणजे बिल्ला अस्सल, असें नव्हे. नक्कल करणाराही इतिहास वाचतो. शिवाय राजे तिसरे चार्ल्स यांनीं २०२२ मध्यें पुन्हां उंच कमानीचाच मुकुट स्वीकारला आहे.

नंतर बिल्ला पालथा करावा, कारण नक्कल करणाराचें बहुतेक कौशल्य दर्शनी बाजूसच खर्चीं पडलेलें असतें. हे बिल्ले पत्र्यावर ठसा मारून करीत. त्यामुळें पुढें जेथें उंचवटा, तेथें पाठीस खळगा उमटतो व रेषा रेखीव राहतात. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, रवाळ आणि बारीक छिद्रांची असते. निवतांना धातु आकसतो, म्हणून अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेली प्रत मुळाहून किंचित् लहान भरते. तथापि ओतीव तितकें खोटें, हाही नियम करूं नये. हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींनीं स्थानिक कारागिरांकडून ओतीव बिल्ले करवून घेतल्याचीं उदाहरणें आहेत.

पाठीवरील कड्या किंवा टोपींत खोचावयाची पट्टी यांचें डाखकाम तपासावें. पट्टीवर कारखानदाराचें नांव असलें म्हणून भुलूं नये. बर्मिंगहॅमच्या गॉन्ट या नामांकित कारखान्याचें नांव नकलांवरही आढळतें. वर्षानुवर्षें घासलेल्या बिल्ल्याचे उंचवटे गुळगुळीत होतात व मळ खोलगट जागीं सांचतो. औषधानें जुना केलेला बिल्ला मात्र सर्वत्र सारखाच काळवंडतो. सर्वांत कठीण परीक्षा मूळ ठशांवरून मागाहून काढलेल्या प्रतींची. त्यांचा पत्रा व खळगे बरोबर असतात. अशा वेळीं पट्टी आणि झीज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आपल्या मराठा पलटणींच्या बाबतींत इतिहासाचें साहाय्य आणखी सोपें आहे. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ हे त्यांचे क्रमांक १९०३ पासून होते. १९२२ सालीं त्या पलटणी ‘पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री’त एकत्र झाल्या. म्हणून ११७ हा आंकडा असलेला बिल्ला दुसऱ्या महायुद्धांतला म्हणून कोणी दाखवील, तर बिल्ला नाहीं तरी कथा खोटी समजावी. यांपैकीं १०३, ११० व ११७ या पलटणी मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत सांपडल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्य शरण गेलें. अशा वीरांच्या नांवावर बनावट पितळ खपविणें ही केवळ पैशाची फसवणूक नव्हे.

घरीं वाडवडिलांचा असा बिल्ला असल्यास चिंचेनें वा राखेनें घासून तो चकचकीत करूं नये. त्या घासण्यानें झिजेची व मळाची साक्ष पुसली जाते. तो कोरड्या कापडांत गुंडाळावा, सेवेचे कागद असल्यास त्यांच्याजवळच ठेवावा आणि तो कोणी, कोणत्या पलटणींत, केव्हां वापरला हें ठाऊक असलेल्या वडील मंडळींकडून आजच लिहून घ्यावें.