पाहुणे आले, सुरत दाखवा

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या घरोघरी खानदेशातून, नाशिकहून, कोकणातून पाहुणे येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : महाराजांची सुरत कुठे आहे? आणि आपले विद्यार्थी त्यांना मॉलमध्ये घेऊन जातात! स्टेशनवरची चौकशीची खिडकी गाडीची वेळ सांगते, पर्यटन खात्याच्या पत्रकात ठिकाणांची नावे मिळतात. शहर समजावून सांगायचे काम मात्र घरच्यांचेच आहे.

सुरुवात चौक बाजारातून करावी. तापीकाठचा जुना किल्ला सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हल्ल्यांना आवर घालण्यासाठी बांधला गेला. महानगरपालिकेने दुरुस्ती करून तेथे संग्रहालय केले आहे. ते कोणत्या वारी बंद असते हे आधी विचारून घ्यावे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा मोगल सुभेदार इनायत खान रयतेला सोडून याच किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला महाराजांनी घेतला नाही, इंग्रज व डच वखारीही वाचल्या. विरजी व्होरासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांचे वाडे मात्र लुटले गेले. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. विद्यार्थ्यांनी हे सारे नीट सांगावे. त्या दिवसांत शहराचा मोठा भाग जळाला, हेही गाळू नये. आपल्या आजोबा-पणजोबांना पोटाला लावणारे शहर हेच आहे, आणि शेजारी बसणारा गुजराती मित्रही ऐकत असतो. आवाज न चढवताही महाराजांचा पराक्रम सांगता येतो, असे आम्हांला वाटते.

किल्ल्यापासून पायी जाता येईल अशी मुघलसराय ही शाहजहानच्या काळातली, १६४४ ची वास्तू. हजला निघालेले यात्रेकरू व प्रवासी येथे उतरत. आज तेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. वेळ असेल तर कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची कबरस्ताने पाहावीत. १६६४ मध्ये वखार राखणारा जॉर्ज ऑक्झिंडेन तेथेच आहे. घुमट पाहून पाहुण्यांना एखादा दर्गाच वाटतो.

मुलांना समुद्र हवाच असतो. डुमसची वाळू काळी आहे, भजी चांगली आहेत. भरतीच्या वेळी पाण्यात उतरू नये.

दिवसभराची सहल असेल तर बारडोलीचा स्वराज आश्रम (सत्याग्रह १९२८) किंवा दांडी (१९३०) निवडावी. आमची आवड विचाराल तर सोनगढ. बडोद्याच्या आधी गायकवाडांचे ठाणे तेथे होते. किल्ला डोंगरावर आहे, पाणी बरोबर न्यावे. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने सोनगढ ओलांडले की पुढे नवापूर लागते. हे स्टेशन अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. फोटोच्या नादात मुलांना खाली उतरू देऊ नये, गाडी फार वेळ थांबत नाही.