आकडा पिवळा की पांढरा?

बडोद्यातला मकरपुऱ्याचा राजवाडा आज भारतीय हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेकडे आहे. शेजारच्या मांजलपुरात याचे कोणाला नवल वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची एक स्क्वाड्रन बडोद्याच्या नावाने लढली, हे मात्र बडोदेकरांनाही फारसे ठाऊक नसते. 124 (बडोदा) स्क्वाड्रन मे 1941 मध्ये स्कॉटलंडमधल्या कासलटाउनला उभी राहिली. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या देणगीमुळे तिला हे नाव मिळाले आणि तिच्या बिल्ल्यावर मुंगूस आले. तिच्याकडे स्पिटफायर विमाने होती. फार उंचावरून येणाऱ्या जर्मन विमानांना गाठण्यासाठी पुढे तिला हवाबंद कॉकपिटची स्पिटफायर मिळाली. या स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अमुक दिवशी कोणी, कोणत्या क्रमांकाचे विमान नेले, कधी उडाले, कधी उतरले, सगळे ओळीने लिहिलेले आहे. समोरच्या बाजूचे तसे नाही, आणि जर्मन लष्करी विमानांच्या जुन्या छायाचित्रांना संग्राहक एवढा भाव का देतात, याचे खरे कारण तिथेच सापडते.

जर्मन हवाई दलाने 1945 च्या वसंतात, शरणागतीच्या तोंडावर, स्वतःची बहुतेक दप्तरे स्वतःच जाळली. नुकसानीच्या याद्यांचा काही भाग वाचला, पण युद्धाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल तर हाती फारच थोडे लागते. विमानेही उरली नाहीत. मेसरश्मिट 109 तेहतीस हजारांहून अधिक बनली आणि युंकर्स 88 साधारण 15,000. दुसऱ्या प्रकारातली धड म्हणावीत अशी विमाने आज हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांपैकी एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे, तेही 9 मे 1943 रोजी त्याचे वैमानिक ते घेऊन फितूर झाले आणि ॲबर्डीनजवळ डाइसला उतरले म्हणून. बाकीची भंगारात वितळली. कागद जळाला, धातू वितळला, मग पुरावा म्हणून राहिली ती सैनिकांच्या खिशातली छायाचित्रे.

ती मुबलक का निघाली, याचे उत्तर दुकानदारीत आहे. 1932 मध्ये आग्फा कंपनीने अवघ्या चार मार्कांत बॉक्स कॅमेरा विकला. अट एकच होती: चार नाण्यांवरची टांकसाळीची अक्षरे जुळवून कंपनीचे नाव व्हायला हवे. अशा स्वस्त कॅमेऱ्यांमुळे छायाचित्रण सामान्य घरांत शिरले आणि युद्ध सुरू झाले तेव्हा तेच कॅमेरे सैनिकांच्या सामानातून आघाडीवर गेले. प्रचारखात्याचे छायाचित्रकार वीर वैमानिकाचा चेहरा टिपत. काळ्या डगल्यातला मेकॅनिक मात्र आपण ज्या विमानाशेजारी उभे आहोत ते घरी दाखवायला फोटो काढी. हे मेकॅनिकचे फोटो बहुधा वाकडे आणि धूसर असतात, तरी जाणकार त्यांच्याच मागे असतात. उघडे पडलेले इंजिन, घाईने फासलेला रंग, पाठीमागचे दुसरे विमान हे त्याने मुद्दाम दाखवलेले नसते, म्हणूनच त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

या पुराव्यातला सर्वांत हटवादी साक्षीदार म्हणजे फिल्म. जर्मन लढाऊ विमानांच्या अंगावर मोठा आकडा असे आणि त्याचा रंग तुकडी सांगे: गटातली पहिली तुकडी पांढरा, दुसरी लाल किंवा काळा, तिसरी पिवळा. त्या काळी स्वस्त फिल्म पुष्कळदा ऑर्थोक्रोमॅटिक असे. तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे लाल काळा उमटतो, आणि पिवळाही अपेक्षेपेक्षा गडद येतो. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हाच पिवळा इतका फिका येतो की पांढराच वाटावा. म्हणजे राखाडी छटा पाहून ‘पिवळा सात’ म्हणावे, तर तो लालही निघू शकतो, आणि रंग चुकला की तुकडी चुकते, तुकडी चुकली की वैमानिक. यावरचा तोडगा फोटोतच शोधावा लागतो. इंधन भरायच्या झाकणाजवळ ऑक्टेनचा आकडा लिहिलेला छोटा पिवळा त्रिकोण असे. मोठ्या आकड्याची छटा त्याच्याशी जुळली तर तो पिवळा, आणि विमानावरच्या क्रुसाच्या पांढऱ्या कडांशी जुळली तर पांढरा. त्रिकोण पंखाच्या सावलीत असेल किंवा मेकॅनिकचा हात आडवा आला असेल, तर प्रामाणिक अभ्यासक निकाल देत नाही. ‘ब्लॅक सिक्स’ हे 1942 च्या नोव्हेंबरात लिबियात हाती लागलेले मेसरश्मिट ब्रिटनमध्ये नव्याने उभे करून 1991 मध्ये उडवले गेले. अशा कामात प्रत्येक खुणेला पुरावा लागतो, आणि तिथे अशा एका बोटभर फोटोला मोल येते.

हा सगळा नाझींच्या कौतुकाचा साळसूद धंदा नाही का, असा आक्षेप येतो, आणि तो निराधार नाही. बाजारात शेपटीवर नाझी चिन्ह ठळक दिसणाऱ्या आणि नामांकित वैमानिकाच्या फोटोला जास्त पैसे पडतात. जर्मनीत ते चिन्ह कायद्याने निषिद्ध असल्यामुळे विक्रेते त्यावर काळी पट्टी चिकटवतात, आणि गिऱ्हाईक पट्टीमागचेच विकत घेते. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे चकचकीत विमान दिसते, ते बनवणारे हात दिसत नाहीत. मेसरश्मिट 262 चे सांगाडे गुझेनच्या छळछावणीतल्या कैद्यांनी बोगद्यात जोडले. 1945 मध्ये बडोदा स्क्वाड्रनने हॉलंडमध्ये ज्यांच्या तळांवर बॉम्ब टाकले, ते व्ही-2 अग्निबाणही कैद्यांच्याच हातचे. पण यावरून फोटो फेकून द्यावेत असे निघत नाही. आकडा, तुकडी, तळ आणि तारीख जुळली की त्या दिवशी त्या विमानाने काय केले हे विचारता येते. गौरव करणाऱ्याला असे प्रश्न अडचणीचे जातात, संशोधकाला हवे असतात.

माझी खरी तक्रार कौतुकापेक्षा कात्रीबद्दल आहे. मेकॅनिकचा अल्बम एकत्र असेल तर पान तीनवरचे खेडे आणि पान नऊवरचे विमान एकमेकांचा तळ सांगतात. व्यापारी मात्र अल्बम फोडतो, कारण सुटे फोटो जास्त मिळवून देतात. मग मागची पेन्सिलीची ओळ एका देशात जाते आणि शेजारचा फोटो दुसऱ्या. वस्तू आली कुठून हे हरवले की तिची अर्धी किंमत गेली, हे बडोद्यात तरी सांगावे लागू नये. देशातला संग्रहालयशास्त्राचा पहिला विभाग 1952 साली इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात सुरू झाला. या बाजारात नकलींचीही भर आहे. युद्धानंतरच्या बऱ्याच फोटोकागदांत उजळवणारी द्रव्ये असतात, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात, तेव्हा चमकणारा ‘1941 चा’ फोटो लगेच पकडला जातो. पण जुना कोरा कागद वापरणाऱ्याला हा दिवा पकडत नाही. स्कॅन आहेत, मग मूळ प्रत कशाला, असेही म्हणतात. स्कॅनमुळे हे ज्ञान पैसेवाल्यांपुरते राहिले नाही, हे खरे. पण बहुतेक स्कॅन पुढच्या बाजूचेच असतात. कडेचा करवती काप, पाठीवरचा शिक्का आणि हस्ताक्षर हे मूळ प्रतीतच तपासावे लागते.

आपल्या घरांतही लष्करात, हवाई दलात गेलेल्या आजोबा-पणजोबांचे अल्बम असतील. ते फोडू नका, फोटो सुटे करून वाटून घेऊ नका. दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि फोटोतली माणसे ओळखणारे कोणी हयात असेल तर नाव, गाव, साल मऊ पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.